खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही : मुलांसाठी खेळकथा लिहिताना

काही वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका शाळेत सहावीच्या वर्गाला मी माझी खो-खोवरची गोष्ट वाचून दाखवत होतो. शेवटचं मिनिट, पळतीतली एकच मुलगी शिल्लक, नायिका चौकोनात बसलेली. मी आवाज चढवून वाचलं, ‘‘तिला राहवेना. श्रावणी अजून लांब होती. ती ताडकन उठली आणि धावत सुटली.’’ तिसऱ्या बाकावरची एक मुलगी शांतपणे म्हणाली, ‘‘सर, फाऊल.’’ वर्ग खदखदून हसला. उरलेली दोन पानं मी वाचली खरी, पण ऐकत कुणीच नव्हतं.

घरी येताना वाटलं, पोरगी बरोबर बोलली, आणि माझी चूक नुसती नियमाची नव्हती. खो मिळाल्याशिवाय उठता येत नाही, हीच तर गोष्ट होती. समोरून गडी जातोय, हात लांबवला तर लागेल, आणि तरी बसून राहायचं. कारण मागून येणाऱ्या मैत्रिणीनं अजून खो दिलेला नाही. एवढं घसघशीत नाट्य खेळानं फुकट दिलेलं असताना मी नायिकेला उठवून मोकळा झालो होतो. तेव्हापासून खेळकथा लिहायला बसलो की मी आधी नियम शोधतो, नायक नंतर. पुढे लिहिलेली रीत त्यातूनच आली आहे.

आधी वाचकाचं वय ठरवा

याला फार वेळ लावू नका, पण टाळूही नका. आठ ते दहा वर्षांच्या मुलांसाठी लिहीत असाल तर एक खेळ, एक दिवस, एक अडचण आणि सात-आठशे शब्द पुरतात. अकरा ते चौदाच्या वाचकाला दीड-दोन हजार शब्द चालतात. त्याला मैत्रीतला रुसवा कळतो, संघातून वगळलं जाणं कळतं, घरात क्लासच्या फीवरून चाललेली कुजबुजही कळते. नायक वाचकापेक्षा वर्षा-दोन वर्षांनी मोठा ठेवा. चौथीतल्या मुलाला पहिलीतल्या मुलाची गोष्ट दिली तर त्याला तो अपमान वाटतो.

खेळ कोणता घ्यायचा?

शेवटच्या चेंडूवर षटकार मारून जिंकणाऱ्या मुलांचा मराठीत तुटवडा नाही. क्रिकेट घ्यायचंच असेल तर सोसायटीच्या पार्किंगमधलं घ्या. तिथे भिंतीला थेट लागला की आउट असतो, जोशीकाकूंच्या बाल्कनीत गेला की मारणाऱ्यानंच आणायचा असतो, आणि ज्याची बॅट त्याला दोनदा बॅटिंग मिळते. स्टेडियमवरचं क्रिकेट मुलं टीव्हीवर रोज बघतात. तुमची गोष्ट त्याच्याशी स्पर्धा करू शकणार नाही.

पुण्यात राहणाऱ्याला तर खेळांची ददात नाही. खो-खोला नियमांच्या चौकटीत बसवण्याचं काम गेल्या शतकाच्या सुरुवातीला याच शहरात, १९०६ साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्यावर झालं. २०२५च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली, तेव्हा विजेत्या भारतीय संघांचे दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, पुण्याच्या मैदानांवर मोठे झालेले होते. १९२४पासून चालू असलेल्या महाराष्ट्रीय मंडळात मल्लखांब आहे, पेठांमधून तालमी आहेत, डेक्कनला टिळक तलाव आहे, आणि १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलेलं बालेवाडीचं संकुल आहे. बॅडमिंटनला तर एके काळी ‘पूना’च म्हणत, कारण लष्करातले इंग्रज अधिकारी इथे तो खेळत.

तुम्ही लहानपणी जो खेळ खेळलात, निदान ज्यात मार खाल्लात, तो घ्या. खेळलाच नसाल तर चार संध्याकाळी मैदानावर जाऊन बसा. चार म्हणजे चारच. पहिल्या दिवशी नुसती धावपळ दिसते. चौथ्या दिवशी कळतं, की कोपऱ्यातला बुटका मुलगा रोज सगळ्यांच्या चपला सांभाळतो आणि त्याला अजून कुणी खेळायला घेतलेलं नाही. वहीत स्कोअर लिहू नका. चपला कुठे काढतात, पाण्याची बाटली कुणाची आणि पितं कोण, पडल्यावर आधी गुडघा बघतात की आजूबाजूला, सर ओरडतात तेव्हा नक्की कोणते शब्द वापरतात, हे टिपा. बसण्याआधी प्रशिक्षकांना सांगून परवानगी घ्या, मुलांचे फोटो काढू नका, आणि कुठल्याही मुलाचं खरं नाव गोष्टीत आणू नका. आईवडिलांनी ओळखलं तर पुढच्या वेळी त्या मैदानावर तुम्हाला कुणी उभं करणार नाही.

नियमात अडकवा

माझ्या मते कामाची खरी जागा हीच. प्रत्येक खेळात एखादा नियम असा असतो, की तो माणसाला कोंडीत पकडतो. तो शोधून त्यात तुमचं पात्र अडकवा.

कबड्डी बघा. चढाईला एकटा जातो, समोर सात. पण कोंडी तिथे नाही, ती मैदानाबाहेर आहे. बाद झालेले गडी ज्या क्रमानं बाहेर गेले त्याच क्रमानं आत येतात. म्हणजे तुमचा नायक बाद होऊन तिसरा बसला असेल, तर संघानं तीन गडी मारल्याशिवाय तो आत येत नाही. आणि आज चढाईला जाणारा नेमका तो आहे, ज्याच्याशी सकाळी डब्यावरून मारामारी झाली. आता हा त्याच्यासाठी ओरडणार की नाही?

रिलेमध्ये बॅटन पडला तर ज्याच्या हातून पडला त्यानंच तो उचलायचा असतो. दुसऱ्यानं मदत करायची नाही. बॅटन देणाऱ्याच्या हातून निसटला की घेणाऱ्याच्या, यावर दोन मित्रांमध्ये आठ दिवस अबोला राहू शकतो. बुद्धिबळात सोंगटीला हात लावला की तीच खेळावी लागते, म्हणून खोटं बोलण्याची पहिली संधी तिथेच येते. प्रतिस्पर्ध्यानं पाहिलेलं नाही, पंच पाठमोरे आहेत, आणि घोड्याला बोट लागलंय हे फक्त खेळणाऱ्याला माहीत आहे.

गल्लीतले नियमही कमी नाहीत. लहान भावाला खेळायला घ्यावं लागतं म्हणून तो ‘कच्चा लिंबू’ असतो. आउट झाला तरी आउट नाही, राज्य आलं तरी घ्यायचं नाही. मोठ्यांना ही मेहेरबानी वाटते, पण सहा वर्षांच्या मुलाला तो रोजचा अपमान असतो. ‘आज मला खरंच आउट करा,’ असं म्हणणारा कच्चा लिंबू मला अजून कुणाच्या गोष्टीत भेटलेला नाही. लिहायचं असेल तर घेऊन टाका.

खो-खोकडे परत येतो, कारण त्यात या प्रकारची लूट सर्वांत जास्त आहे. आठ जणी मधल्या पाटीवर, म्हणजे दोन खांबांमधल्या पट्ट्यावर, ओळीनं बसतात, एकीआड एक तोंडं विरुद्ध बाजूंना. नववी पाठलाग करते. तिला मधली पाटी ओलांडता येत नाही. एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत मागे फिरता येत नाही. गडी पाटीपलीकडे गेला तर बसलेल्यांपैकी कुणाला तरी पाठीमागून हात लावून ‘खो’ म्हणायचं आणि स्वतः तिच्या जागी बसायचं. एखादीला ओलांडून पुढे गेलं की परत मागे येऊन तिला खो देता येत नाही. दिला तर फाऊल.

आता यातली गंमत बघा. खो कायम मागून येतो. जिला तो मिळणार तिला पुढचा गडी दिसतो, पण देणारी दिसत नाही. तिला फक्त पावलं ऐकू येतात. भांडलेल्या दोन मैत्रिणींसाठी याहून चांगली बैठक कुठला लेखक रचणार?

सांगाडा रचा

नियम हातात आला की पुढची मांडणी मी एका पाठकोऱ्या कागदावर करतो. त्या वर्गातल्या मुलीनं झोपवलेली गोष्ट मी नंतर पुन्हा लिहिली, तिचंच उदाहरण देतो.

तनुजा पर्वती पायथ्याला राहते, श्रावणी तिच्याच चाळीत. दोघी सातवीत. गेल्या आठवड्यात श्रावणीनं कर्णधारपदासाठी नाव दिलं आणि तनुजाला सांगितलं नाही, म्हणून अबोला. हे सगळं मी तीन वाक्यांत उरकलं. गोष्ट थेट सामन्यात, तनुजा बसलेली असताना सुरू होते. श्रावणी पाठलागावर आहे. पाचव्या चौकोनातल्या तनुजासमोरून गडी जातोय, आणि श्रावणी तिला ओलांडून सातव्या चौकोनातल्या मुलीला खो देते. मुद्दाम, की तिला दिसलं नाही? तनुजाला माहीत नाही, वाचकालाही नाही. मध्यंतरात कुणी काही बोलत नाही. फक्त ग्लुकोजची पुडी हातोहात फिरते, आणि श्रावणी ती तनुजाकडे न देता पलीकडे देते. दुसऱ्या डावात फेरा उलटतो. पाठलाग तनुजाकडे येतो आणि पाठमोरी बसलेली असते श्रावणी. समोरून तोच गडी. तनुजाला श्रावणीची मान दिसते, वेणीतली चिकटलेली माती दिसते. ओलांडून पुढे जायला एक पाऊल पुरे.

या सांगाड्यात सामना कोण जिंकलं ते नाही, हे लक्षात आलं असेल. सामन्याचा निकाल तुमच्या मनात पक्का असू द्या, पण गोष्ट त्याच्यावर टांगू नका. मुलं हरण्याला घाबरत नाहीत. त्यांना मैदानाच्या कडेला एकटं उभं राहण्याची भीती वाटते.

कागदावर आणखी दोन गोष्टी लिहून ठेवा. पहिली, पात्राला काय हवंय, पण एका वस्तूच्या किंवा कृतीच्या रूपात. ‘आत्मविश्वास’ नको, ‘श्रावणीनं हाक मारावी’ चालेल. दुसरी, घड्याळ. डाव संपायला किती वेळ आहे ते वाचकाला ठाऊक हवं, नाहीतर त्याच्या छातीत धडधडणार नाही.

मैदानावरची वाक्यं

पहिल्या खर्ड्यात मी असं लिहिलं होतं :

‘‘तनुजाच्या मनात विचारांचे काहूर माजले होते. प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. प्रतिस्पर्धी खेळाडू अत्यंत चपळाईने धावत होती. तनुजा जिद्दीने आणि चिकाटीने संधीची वाट पाहत होती.’’

चार वाक्यं आणि एकही गोष्ट दिसत नाही. हे स्नेहसंमेलनाच्या अहवालात शोभेल. आता दुसरा खर्डा :

‘‘उजव्या तळहाताखाली माती गरम होती. समोरून ती उंच मुलगी गेली, इतक्या जवळून की तिच्या घोट्यावरचा काळा दोरा दिसला. मागून पावलं आली. श्रावणीचीच. डावा पाय जरा घासत टाकते ती. जवळ. अजून जवळ. तनुजानं पाठ ताठ केली. पावलं पुढे गेली. ‘खो!’ आवाज सातव्या चौकोनाकडून आला. काळा दोरा केव्हाच खांबाकडे निसटला होता.’’

इथे काय केलं? प्रेक्षक काढून टाकले, कारण बसलेल्या खेळाडूला ते ऐकू येत नसतात. ‘जिद्दीने आणि चिकाटीने’ हे शब्द काढले आणि पाठ ताठ केली. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे लांब वाक्यात धावणारं पात्र वाक्य संपेपर्यंत लटकून राहतं. वेग हवा तिथे क्रियापद गाळा. ‘डावीकडे हूल. उजवीकडे झेप.’ बास. पण सलग दहा वाक्यं अशी तोडू नका. तीन-चार तुकड्यांनंतर एक सरळ, लांब वाक्य द्या, म्हणजे वाचणाऱ्याला दम घेता येतो.

सट्कन, गर्रकन, धप्प हे शब्द आपल्या भाषेची श्रीमंती आहेत, आणि लहान मुलं ते मोठ्यानं वाचताना खूश होतात. पण पानाला एकच. सगळीच मुलं सगळीकडे सुर्रकन जायला लागली की कुणाचाच वेग कळत नाही.

समालोचकाचा सूर मात्र हद्दपार करा. ‘आणि आता पाहूया काय होतं ते’ हे रेडिओला ठीक. गोष्ट एका मुलाच्या डोळ्यांतून सांगा आणि त्या डोळ्यांना जेवढं दिसेल तेवढंच लिहा. चढाई करणाऱ्याला स्वतःच्या पाठीमागचा कोपरारक्षक दिसत नाही. मग तुम्हालाही दिसू नये.

कोण कसं बोलतं

पुण्यातली मैदानावरची मुलं ‘अरे मित्रा, तू नियमभंग केलास’ म्हणत नाहीत. ‘ए चीटिंग!’, ‘रडीचा डाव खडी’, ‘मी नाही खेळत जा’, ‘दोन टप्पे पडलेत, आईशप्पथ!’ असं बोलतात. इंग्रजी शब्द येतातच. आउट, फाऊल, बॅटिंग, टॉस यांना मराठी पर्याय शोधत बसू नका. उलट जिथे मराठी शब्द रुळलेला आहे, म्हणजे चढाई, पकड, लोण, हूल, खांब, तिथे इंग्रजी घुसवू नका. तालमीत वस्ताद असतात, मैदानावर सर किंवा ताई. तालमीतला मुलगा वस्तादांना ‘सर’ म्हणाला, तर पेठेतला वाचक पुस्तक मिटेल.

सर हे पात्र सगळ्यात जास्त बिघडतं. लेखकाला काही सांगायचं असलं की तो सरांच्या तोंडून सांगतो, आणि सर मैदानाच्या मधोमध उभे राहून खिलाडूवृत्तीवर बोलायला लागतात. खरे सर बोलतात ते एवढंच : ‘‘गुडघे वाकव! बघतेस काय?’’ पाच शब्दांहून लांब वाक्य सरांना देताना पेन्सिल हातात ठेवा.

खऱ्या खेळाडूंवर लिहायचं असेल तर

अख्खं आयुष्य घेऊ नका. एक दिवस घ्या, शक्य तर एक तास.

भाऊसाहेब निंबाळकरांचा डाव घ्या. डिसेंबर १९४८, पूना क्लबचं मैदान, महाराष्ट्र विरुद्ध काठेवाड. निंबाळकर नाबाद ४४३. डॉन ब्रॅडमनचा नाबाद ४५२चा जागतिक विक्रम फक्त ९ धावा लांब. आणि काठेवाडच्या कर्णधारानं सामना सोडून दिला. त्यांचा संघ मैदानात उतरलाच नाही. निंबाळकर पुढे कधी कसोटी सामना खेळले नाहीत.

या प्रसंगाची मुलांसाठी गोष्ट करायची तर मी निंबाळकरांच्या मनात शिरणार नाही. त्यांना काय वाटलं असेल ते आपण कल्पनेनं लिहायचं आणि खाली त्यांचं नाव टाकायचं, हे मला पटत नाही. मी फलकाजवळ एक काल्पनिक मुलगा उभा करीन, आकड्यांच्या पाट्या बदलणारा. चारचा आकडा लावून लावून त्याची बोटं दुखतात. मोठी माणसं ब्रॅडमनचं नाव घेतात तेव्हा तो पुढच्या पाट्या आधीच काढून मांडीवर घेऊन बसतो : ४, ५, ३. मग मैदानातून कुणी येतच नाही. त्या तीन पाट्यांचं तो काय करतो? गोष्ट तिथेच आहे, आणि इतिहासाचा एकही आकडा वाकवावा लागत नाही.

मुरलीकांत पेटकरांचंही तसंच. १९६५च्या युद्धात गोळ्या लागलेला हा जवान मूळचा मुष्टियोद्धा होता. १९७२ साली हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यानं ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं, भारताचं पहिलं. जमिनीवरचा माणूस पाण्यात कसा उतरला, एवढाच तुकडा घ्या. पण तो प्रसंग मनानं रंगवणार असाल तर पात्राचं नाव बदला आणि गोष्टीखाली खऱ्या खेळाडूची दोन ओळींत माहिती द्या. खाशाबा जाधवांचं हेलसिंकी ऑलिंपिकमधलं १९५२चं कुस्तीतलं कांस्यपदक सगळ्यांना पाठ असतं. पण त्यांच्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले, हा भाग मुलांना सांगून बघा. ‘मग ते राहिले कुठे?’ हा प्रश्न लगेच येतो.

शेवट कुठे करायचा

चषक उंचावण्याच्या दोन मिनिटं आधी. माझ्या गोष्टीत तनुजाचा हात श्रावणीच्या पाठीवर पडतो, ती ‘खो’ म्हणते आणि गोष्ट संपते. गडी बाद झाला का? काही मुलं चिडून विचारतात. विचारू द्या. मी एकदा उत्तर दिलं होतं आणि त्या वर्गात पुढे कुणी काही विचारलं नाही.

‘त्या दिवशी तिला समजले की...’ असं वाक्य आलं की ते आणि त्याच्या पुढचं सगळं खोडा.

वाचून दाखवा, मग पाठवा

खर्डा झाला की आठ-दहा मुलांना मोठ्यानं वाचून दाखवा आणि समासात पेन्सिलीनं खुणा करा. जिथे कुणी खिडकीकडे बघितलं तिथे फुली, जिथे दोघं एकदम पुढे सरकले तिथे टिंब. सलग दोन फुल्या आल्या तर तो परिच्छेद काढा, कितीही लाडका असला तरी. पुतण्या-भाच्यांवर विसंबू नका, ती नात्याखातर ऐकतात.

मुलांच्या मासिकांत सेनापती बापट रस्त्यावरच्या बालभारतीचं ‘किशोर’ १९७१पासून निघतं. ते आणि दिवाळी अंक आधी चाळा आणि त्यांच्या गोष्टी साधारण किती लांबीच्या असतात ते मोजा. दिवाळीसाठी पाठवायचं तर उन्हाळ्याच्या सुट्टीतच लिहून तयार ठेवा, गणपतीत घाई करून पाठवलेलं बहुधा पुढच्या वर्षावर जातं. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा, सोबत चार ओळींचं पत्र जोडा, आणि त्यात गोष्टीतून कोणता संस्कार होतो ते लिहू नका.

पाठवण्याआधी मात्र एक काम राहतं. तो खेळ रोज खेळणाऱ्या एका मुलाला किंवा मुलीला गोष्ट द्या आणि सांगा, फाऊल सापडला तर एक वडापाव. मला आतापर्यंत सात पडलेत. त्यातले तीन एकाच गोष्टीत.